क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी: सेवाभावी संस्थेचे तीन हिशेब

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर ऐका.)



आजचा विषय तुमच्या मोबाइलमध्येच आहे. व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या महिन्याभरातले फॉरवर्ड बघा. एक तरी पोस्टर सापडेलच. सिव्हिलच्या बाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण. रामकुंडावर उघड्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेट. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलांना वह्या. वर फोटो, मधे "आपला खारीचा वाटा", आणि खाली क्यूआर कोड.

तुम्ही काय करता? माझ्या ओळखीत दोन प्रकारची माणसं आहेत. पहिली म्हणतात, "जाऊ दे, पन्नास रुपयांचा काय प्रश्न आहे," आणि स्कॅन करून मोकळी होतात. दुसरी म्हणतात, "सगळे खातात रे," आणि पुढे स्क्रोल करतात. गंमत अशी की दोघंही एकच गोष्ट टाळतात. ती म्हणजे प्रश्न विचारणं. एक जण विश्वासाच्या नावाखाली टाळतो, दुसरा संशयाच्या.

आज आपण बोलणार आहोत ते या मधल्या जागेबद्दल. नाशिकमधल्या एखाद्या लहानशा सेवाभावी संस्थेला काय विचारायचं, कुठे तपासायचं, आणि मुख्य म्हणजे तिनं हिशेब नेमका कुणाला द्यायचा.

हे आत्ताच का? तर २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. लाखो माणसं येणार. अन्नछत्रं उभी राहणार, पाणपोया, औषधांची केंद्रं, आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक क्यूआर कोड. त्यातले बहुतेक मनापासून काम करणारे असतील. पण ओळखायचं कसं, हे आपल्याला आधी माहीत असलेलं बरं.

हिशेब मागणं म्हणजे अपमान नाही

बरेच जण म्हणतात, "चांगलं काम करणाऱ्याला हिशेब विचारायचा म्हणजे कसंतरीच वाटतं." मला हे पटत नाही, कारण आपल्या गावांत हे शेकडो वेळा होतं आणि कुणाला कसंतरी वाटत नाही.

गावची जत्रा आठवा. घरटी वर्गणी ठरते. पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. पालखी निघते, कुस्त्या होतात, तमाशा होतो. आणि जत्रा संपली की देवळात किंवा पारावर बसून जमाखर्च वाचला जातो. मंडपाला एवढे, वाजंत्रीला एवढे, शिल्लक एवढी. कुणीतरी म्हातारा हमखास उठून विचारतो, "गेल्या साली मंडप स्वस्तात झाला होता, औंदा एवढा कसा?" पंच उत्तर देतात. थोडी बाचाबाची होते, चहा होतो, माणसं घरी जातात. पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा वर्गणी देतात. हिशेब वाचला म्हणूनच देतात.

आपल्याकडे सेवेच्या कामात सगळ्यात मोठं नाव कुणाचं, तर गाडगेबाबांचं. नाशिकला गोदावरीवर त्यांच्या नावाचा पूल आहे आणि त्यांनी उभी केलेली धर्मशाळाही याच शहरात आहे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा तीर्थांच्या ठिकाणी गरीब यात्रेकरूंना डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून बाबांनी लोकांकडून पैसे गोळा करून धर्मशाळा बांधल्या. त्या काळात केवढी रक्कम त्यांच्या शब्दावर जमली असेल! आणि बाबांच्या स्वतःजवळ काय होतं? अंगावर चिंध्या, हातात झाडू आणि एक गाडगं. संस्था त्यांनी विश्वस्तांच्या हाती दिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी.

यातून मी काय घेतो? लोकांच्या पैशातून उभी राहिलेली गोष्ट लोकांची असते. ती उभी करणारा माणूस कितीही मोठा असला तरी तिचा मालक होत नाही. "विश्वस्त" या शब्दाचा अर्थच तो आहे. तुमच्यावर विश्वास टाकलाय, वस्तू तुमची नाही.

तर अशा विश्वस्तानं हिशेब कुणाकुणाला द्यायचा? माझ्या मते तिघांना. सरकारला, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. पहिल्या दोघांबद्दल थोडंफार बोललं जातं. तिसऱ्याबद्दल जवळजवळ नाहीच.

पहिला हिशेब: सरकारला

महाराष्ट्रात यासाठी एक वेगळं खातंच आहे. धर्मादाय आयुक्त. नाशिकमध्ये सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. कायदा १९५० चा. तेव्हा नाव होतं मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलंय.

या कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला एक क्रमांक असतो. त्याची सुरुवात अक्षरानं होते. धर्मादाय ट्रस्ट असेल तर बहुधा "ई", १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी असेल तर "एफ", पुढे आकडा आणि मग जिल्हा, म्हणजे नाशिक. पोस्टरवर "रजि. संस्था" एवढंच लिहिलेलं असेल तर तुमचा पहिला प्रश्न तयार: रजिस्टर नंबर काय? धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोधता येतं.

नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. संस्थेला ३१ मार्चला हिशेब बंद करावे लागतात. त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट करून घ्यावं लागतं आणि तो अहवाल या कार्यालयात जातो. विश्वस्त बदलले, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांत तसं कळवावं लागतं. त्याला "चेंज रिपोर्ट" म्हणतात. आणि संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शहराची हद्द वाढली की जुन्या ट्रस्टच्या जमिनींना सोन्याचा भाव येतो, म्हणून हे कलम फार महत्त्वाचं.

सामान्य माणसानं मागायचा कागद कोणता? परिशिष्ट एकचा उतारा. जसा शेताचा सातबारा, तसा ट्रस्टचा हा उतारा. संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे त्यात असतं. कार्यालयात नकलेचा अर्ज करून तो मिळवता येतो. उताऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचे विश्वस्त दिसत असतील आणि प्रत्यक्ष कारभार भलताच कुणी बघत असेल, तर कागद आणि काम यांची गाठ कुठेतरी सुटली आहे हे समजा.

गडबड दिसली तर? याच कार्यालयात लेखी तक्रार करता येते. वारंवार हिशेब सादर न करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करण्याचे, काढून टाकण्याचे अधिकार या कायद्यात आहेत. शिवाय ज्या संस्थेला सरकारकडून मोठ्या प्रमाणावर निधी मिळतो, ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय.

आणखी एक. नीती आयोगाचं "एनजीओ दर्पण" नावाचं पोर्टल आहे. तिथे संस्थेची माहिती बघता येते. पण माहिती संस्थाच भरते. त्यामुळे दर्पण क्रमांक म्हणजे सरकारचं प्रशस्तिपत्र नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा हिशेब: देणाऱ्याला

आता तुमच्या पन्नास रुपयांकडे येऊ.

पहिली गोष्ट: स्कॅन केल्यावर स्क्रीनवर नाव कुणाचं येतं? संस्थेचं की एखाद्या माणसाचं? संस्थेच्या नावानं मागितलेला पैसा संस्थेच्या बँक खात्यात जायला हवा. "अध्यक्षांचा नंबर आहे, चालेल" हे उत्तर चालणार नाही. अध्यक्ष प्रामाणिक असतील हो, पण त्यांच्या घरचं किराणाचं बिल आणि अन्नदानाचं किराणाचं बिल एकाच खात्यातून गेलं की ते वेगळं करणं त्यांनाही जमणार नाही.

दुसरी गोष्ट: पावती. नंबर असलेली, संस्थेच्या नावाची. करसवलत हवी असेल तर संस्थेकडे त्यासाठीची आयकर खात्याची मान्यता लागते. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलेत तर त्यावर ती सवलत नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट तुम्हाला तशीही मिळत नाही. म्हणजे "टॅक्स वाचेल" म्हणून कुणी मागत असेल तर आधी आपण कुठल्या प्रणालीत आहोत ते बघा.

तिसरी गोष्ट परदेशातल्या नातेवाइकांची. समजा तुमचा मामा अमेरिकेत आहे. त्याच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट असेल, तर त्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मानली जात नाही. पण मामा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर ती परदेशी देणगी होते. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि पैसे यायला हवेत ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीपासून हे बंधन आहे. "मामाला सांग माझ्या खात्यावर टाकायला" असं कुणी म्हणालं तर मामाला आणि संस्थेला, दोघांनाही थांबवा.

आता जरा आकडेमोड करू. घाबरू नका, सोपी आहे.

समजा एक संस्था रोज २०० जणांना जेवण देते. महिन्याला ६००० ताटं. किराणा आणि भाजी ताटामागे ३० रुपये धरली तर १,८०,००० रुपये. स्वयंपाकी आणि मदतनीस २५,०००. गॅस १५,०००. टेम्पो १०,०००. हिशेबनीस, ऑडिट, छपाई ५,०००. बेरीज २,३५,०००. म्हणजे एक ताट पडलं साधारण ३९ रुपयांना. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण धडा खरा आहे. पोस्टरवर "३० रुपयांत एकाचं पोट भरा" असं लिहिलं तर वरचे नऊ रुपये कुठून आले, हा प्रश्न उरतोच.

आणि इथे देणाऱ्यांचीही एक वाईट सवय आहे. आपल्याला वाटतं, आपला प्रत्येक रुपया थेट ताटात पडला पाहिजे. पगार? "सेवा करताय ना, पगार कसला?" मंडळी, पहाटे साडेचारला उठून दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींना पगार नको का? हिशेब लिहायला माणूस नको का? ज्या संस्थेचा हिशेब आपल्याला स्वच्छ हवाय, तिनं हिशेबनिसावर खर्च करायचा नाही, असं कसं चालेल? परदेशी निधीसाठी कायद्यानंच प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा घातलीय. म्हणजे कायदाही हा खर्च शून्य असावा असं म्हणत नाही. जो म्हणतो "शंभर टक्के पैसे थेट गरजूंना", त्याला नम्रपणे विचारा: मग गॅस कोण भरतं? कदाचित एखादा विश्वस्त पदरचा भरत असेल. मग तेही लिहा ना.

याच आकडेमोडीचा दुसरा उपयोग. ताटामागे शंभर ग्रॅम कोरडा तांदूळ धरला तर ६००० ताटांना ६०० किलो तांदूळ लागतो. बिलं दीडशे किलोची असतील आणि पोस्टरवर सहा हजार ताटं असतील, तर उरलेला तांदूळ आला कुठून? धान्य दान आलं असेल, तर त्याची नोंद कुठे आहे? हे विचारायला सीए असावं लागत नाही. घर चालवणारी कुठलीही बाई हे एका मिनिटात विचारते.

तिसरा हिशेब: घेणाऱ्याला

आता मला खरं जे बोलायचंय ते.

एका हिवाळ्यात मी ब्लँकेट वाटायला गेलो होतो, एका गटाबरोबर. रात्रीची साडेअकराची वेळ, गोदाघाटावर बोचरी थंडी. एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या हातात ब्लँकेट दिलं, पण पूर्ण दिलं नाही. एक टोक आपल्या माणसानं धरून ठेवलं, कारण फोटो यायचा होता. फ्लॅश पडला नाही, म्हणून पुन्हा. मग बॅनर मागे नीट दिसत नव्हता, म्हणून पुन्हा. आजींनी पदर तोंडावर ओढून घेतला. कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा हसा की!" त्या काही बोलल्या नाहीत. ब्लँकेट घेतलं आणि तोंड भिंतीकडे करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी तो फोटो ग्रुपवर आला. देणाऱ्यांना हिशेब मिळाला. वाटप झालं, पुरावा हा घ्या. सरकारला वर्षअखेर ऑडिट मिळेल, त्यात ब्लँकेटचं बिलही असेल. दोन्ही हिशेब चोख. पण त्या आजींना कुणी विचारलं का, की तुम्हाला हवं काय होतं? कदाचित त्यांच्याकडे दोन ब्लँकेट आधीच असतील. कदाचित त्यांना गुडघ्याचं औषध हवं असेल, किंवा आधार कार्ड हरवल्यामुळे बंद पडलेली पेन्शन पुन्हा चालू करायला कुणीतरी सोबत हवं असेल.

फोटो हा पुरावा म्हणूनही कच्चाच. फोटोत दिसतं की वस्तू हातात दिली. ती लागत होती का, नंतर उपयोगी पडली का, हे फोटोत दिसत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न कायद्याचाही आहे. आजकाल वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करून रील टाकायची पद्धत पडलीय. भावना चांगली असेल. पण काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख नाव-फोटोसकट माध्यमांत उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. जी संस्था तुम्हाला तिथे मोबाइल बाहेर काढू देत नाही, ती खडूस नाही. ती मुलांची जबाबदारी ओळखते. अशा संस्थेला जास्त द्या.

घेणाऱ्याला हिशेब देणं म्हणजे नेमकं काय, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्याच जिल्ह्यातलं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस. पण खाली काळा कातळ, वर उतार. पाणी नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेला निघून जातं आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. अशा पाड्यांवर नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरमसारख्या गटानं लोकवर्गणी आणि गावकऱ्यांचं श्रमदान एकत्र करून पाणी योजना केल्या. सोशल मीडियावर जमलेल्या तरुणांनी सुरू केलेलं हे काम, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतोय.

आता पाण्याच्या कामाचा हिशेब कसा मांडायचा? "टाकी बांधली, एवढा खर्च" हा झाला देणाऱ्यासाठीचा हिशेब. पाड्यावरच्या बाईचे प्रश्न वेगळे आहेत. मोटार जळाली तर दुरुस्त कोण करणार? विजेचं बिल कोण भरणार? तिसऱ्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईल का? उद्घाटनाच्या दिवशी सगळ्याच टाक्यांतून पाणी येतं. खरा अहवाल तीन वर्षांनी मे महिन्यात तिथे जाऊन लिहायला हवा, आणि तो तिथल्या बायकांनी सांगायला हवा. गावानं श्रमदान केलेलं असेल, तर ते गाव लाभार्थी राहत नाही, भागीदार होतं. भागीदाराला विचारायचा हक्क असतो.

दुसरं उदाहरण धर्मादाय हॉस्पिटलचं. हे तर प्रत्येकानं घरी सांगावं. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या आणि कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्या हॉस्पिटलांसाठी मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये योजना ठरवून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. त्यासाठी हॉस्पिटलनं एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तातडीच्या वेळी आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे.

इथे सरकारला आकडे जातात, हॉस्पिटलला ट्रस्ट म्हणून सवलती मिळतात. पण कळवणहून रात्री रुग्ण घेऊन आलेल्या माणसाला ही खाट आहे हेच माहीत नसेल, तर तिसरा हिशेब शून्य. म्हणून रिसेप्शनवर विचारायचं वाक्य पाठ करून ठेवा: "हे धर्मादाय रुग्णालय आहे का? आयपीएफमधून खाट मिळेल का? समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात?" सोबत रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. उत्तर मिळालं नाही तर धर्मादाय कार्यालय आहेच.

जगातही हे शहाणपण ठेच लागूनच आलं. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला, त्यानंतर निर्वासितांच्या छावण्यांत जगभरच्या संस्था मदतीला धावल्या. नंतर त्या मदतीचं मोठं मूल्यमापन झालं, आणि संस्थांनी मदत घेणाऱ्या माणसांना उत्तरदायी असलं पाहिजे, हा मुद्दा जोरात पुढे आला. २०१४ मध्ये अशा संस्थांसाठी जी मानकं ठरली, त्यातल्या नऊ वचनांपैकी एक सरळ आहे: तक्रारींचं स्वागत करा आणि त्या सोडवा.

आपल्या अन्नछत्रात हे करायला काय लागतं? एक बोर्ड. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात. "हे जेवण लोकांच्या देणगीतून आहे. ते मोफत आहे. कुणी पैसे मागितले, जात विचारली, नीट वागवलं नाही, तर या नंबरवर सांगा." आणि तो नंबर वाढणाऱ्याचा नको, दुसऱ्या विश्वस्ताचा हवा. खर्च म्हणाल तर हजारभर रुपये.

"पण आम्ही तर फक्त मित्रांचा ग्रुप आहोत"

हा प्रश्न येणार हे मला माहितीये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं लेकरं कडेवर घेऊन पायी निघाली होती. तेव्हा नाशिककरांनी रस्त्यावर येऊन जेवण दिलं, पाणी दिलं, चपला दिल्या. तेव्हा कुणी ट्रस्ट नोंदवत बसलं नाही, आणि बसायलाही नको होतं. भुकेला माणूस नोंदणी होईपर्यंत थांबत नाही.

पण काम चालू राहिलं आणि तुम्ही लोकांकडून जाहीरपणे पैसे मागायला लागलात, की कायदा लागू होतो. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घेतात, कलम ४१ क खाली. तसंच तुम्हीही विचारून घ्या. आणि नोंदणी होईपर्यंत तीन गोष्टी पाळा. घरखर्चापासून वेगळं बँक खातं ठेवा आणि ते दोघांच्या सहीनं चालू द्या. दर रविवारी जमा, खर्च, शिल्लक अशा तीन ओळी ग्रुपवर टाका. बिलांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. माणसांचे फोटो काढायची हौस बिलांकडे वळवा.

लहान संस्थांची बाजूही सांगतो. कागदपत्रं करता करता त्यांचा जीव जातो. ज्यांना वकील परवडतो त्यांचे कागद चकाचक असतात आणि जे खरंच मातीत काम करतात त्यांचा चेंज रिपोर्ट राहून जातो, असंही होतं. म्हणून कागद अपुरा दिसला की लगेच "चोर" म्हणू नका. विचारा. तुम्ही कॉमर्स शिकत असाल तर शनिवारी दोन तास जाऊन त्यांचे हिशेब लिहून द्या. कॉम्प्युटर येत असेल तर अहवालाची पीडीएफ करून द्या. पन्नास रुपयांपेक्षा ही देणगी मोठी आहे.

जाता जाता, पाच प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय?
दोन. पैसे संस्थेच्या खात्यात जातात ना, आणि पावती मिळेल ना?
तीन. गेल्या वर्षीचा ऑडिट झालेला जमाखर्च बघायला मिळेल का?
चार. एका माणसामागे खर्च किती येतो, आणि त्यात पगार, गॅस, गाडी धरली आहे का?
पाच. ज्यांना मदत मिळते त्यांना तक्रार करायची असेल तर ते कुणाकडे जातात?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बऱ्याच संस्था देतील. पाचव्यावर जरा शांतता पसरेल. ती पसरू द्या. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा कदाचित भिंतीवर एक बोर्ड लागलेला असेल.

आणि हो, उत्तरं मिळाली तर मात्र द्या. हात आखडू नका. प्रश्न विचारून पुन्हा न देणारा माणूस संस्थेच्या काहीच कामाचा नाही. पारावर मंडपाचा भाव विचारणारा तो म्हातारा पुढच्या वर्षी वर्गणी द्यायला सगळ्यांत आधी असतो.

तुमच्या भागात चांगलं काम करणारी, हिशेब भिंतीवर लावणारी संस्था असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याशीच बोलू.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या.